भारतीय पर्यटकाला कोणता देश मनापासून ‘या’ म्हणतो?

प्रश्न थोडक्यात असा : डोंबिवलीचं कुटुंब. आई-वडील पासष्टीच्या आसपास, दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास, सोबत मुलगा-सून. इंटरनेटवर ‘जगातले सर्वात आतिथ्यशील देश’ अशा भरपूर याद्या वाचून झाल्या, पण एकीचा दुसरीशी मेळ नाही. घरातही दोन तट. मामा म्हणतात युरोपात आपल्याकडे तुच्छतेनं बघतात, आत्या म्हणते स्विस माणसासारखा सज्जन नाही. तर भारतीय पर्यटकाचं खरंच स्वागत होतं कुठे?

मी बरीच वर्षं मुंबईहून मराठी ग्रुप बाहेर नेते आहे. त्याआधी व्हिसाच्या फाइली लावायचं काम करत होते. तेव्हा उत्तर जरा लांब होईल.

आधी त्या याद्या बाजूला ठेवा. त्यातल्या बहुतेक अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन प्रवाशांच्या डोळ्यांनी केलेल्या असतात. त्यांचा पासपोर्ट पुढे केला की बहुतेक देशांची दारं विनाप्रश्न उघडतात, म्हणून त्यांच्या लेखी स्वागत म्हणजे हॉटेलात कोण किती हसलं आणि टॅक्सीवाल्याने किती लुटलं. आपलं स्वागत त्याच्या दोन महिने आधी, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढायला जातो तिथून सुरू होतं.

म्हणून मी कुठलाही देश तीन ठिकाणी तपासते : व्हिसाची खिडकी, विमानतळावरचं इमिग्रेशन आणि मग रस्ता. तिन्हीकडे सारखं वागवणारा देश क्वचित सापडतो. जपान खिडकीवर कागद मोजून घेतं, पण रस्त्यावर वाट विचारली तर माणूस आपलं काम सोडून तुम्हाला स्टेशनच्या दारापर्यंत पोचवायला येतो. काही देश खिडकीच काढून टाकतात आणि विमानतळावर उतरल्यावर भारतीय तरुणांना वेगळ्या रांगेत उभं करतात.

खिडकीवरचं स्वागत हा निव्वळ हिशेबाचा मामला आहे. कोविडनंतर चिनी पर्यटक लवकर परतेनात, तेव्हा आग्नेय आशियातल्या देशांनी आपल्याकडे मोहरा वळवला. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला, मलेशियाने त्याच वर्षी १ डिसेंबरपासून. फिलिपिन्सने जून २०२५ मध्ये १४ दिवसांची सवलत दिली. व्हिएतनामने ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत वाढवला. एका प्रवेशाचे २५ डॉलर, अर्ज घरबसल्या. परिणाम लगेच दिसला. २०२४ मध्ये एकट्या थायलंडला २० लाखांहून जास्त भारतीय जाऊन आले. याला कुणी प्रेम म्हणू नये आणि नुसता धंदा म्हणून नाकही मुरडू नये. ज्या देशाला तुमच्या येण्याची गरज आहे, तिथे तुमची किरकोळ चूकही सांभाळून घेतली जाते, आणि पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या माणसासाठी ती मोठी सोय असते.

पण अशी दारं जशी उघडतात तशी मिटतातही. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांना १५ दिवस विनाव्हिसा यायची मुभा दिली होती. दलालांनी तिचा फायदा घेऊन नोकरीच्या आमिषाने माणसं तिथे न्यायला सुरुवात केली, काहींची अपहरणं झाली, खंडण्या मागितल्या गेल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये इराणने ती मुभा थांबवली. त्यात साध्या पर्यटकाचा काडीचा दोष नव्हता. शिवाय ‘व्हिसा रद्द’ अशी बातमी वाचून हुरळून जाऊ नका. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला आणि त्याच्या जागी ऑनलाइन परवानगी आणली. तिचीही फी ३० डॉलर. नाव बदललं, पैसे भरायचे राहिलेच.

युरोपची खिडकी महाग आहे आणि चिकित्सकही. शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकत्रित व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, किमान ३० हजार युरोचं विमा कवच वेगळं, आणि अर्ज फेटाळला तर फी परत मिळत नाही. २०२४ मध्ये भारतातून ११ लाखांहून अधिक अर्ज गेले, त्यातले सुमारे १५ टक्के नाकारले गेले. म्हणजे साधारण सहा-सातांत एक. तुमचे मामा चिडलेत ते बहुधा इथेच. पण त्याच वर्षीच्या एप्रिलपासून एक चांगली सोयही झाली आहे, जी फारशी कुणी सांगत नाही : मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. युरोप पहिल्यांदा संशयाने बघतो, ओळख पटली की सैल होतो. चाळीतल्या जुन्या घरमालकासारखा.

अमेरिकेबद्दल फार लिहीत नाही. बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत, तिची तारीख मिळेपर्यंत महिनोन्‌महिने थांबणं, आणि मिळालाच तर व्हिसा बहुतेकदा दहा वर्षांचा. मुलगी तिकडे असेल तर हे सगळं करायचं. नुसतं फिरायला म्हणून पहिल्या फेरीत कुणाला मी अमेरिका सुचवत नाही.

खिडकीवर काय बघतात ते सांगते, कारण याबद्दल गैरसमज फार. तुमच्याकडे किती पैसे आहेत यापेक्षा तुम्ही परत याल का, हा प्रश्न असतो. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम पाच लाख जमा झालेले दिसले की अधिकाऱ्याच्या भुवया वर जातात. त्यापेक्षा दरमहा येणारी पेन्शन, भले चाळीस हजारांची असो, जास्त बोलते. निवृत्त आई-वडिलांच्या फाइलीत पेन्शनचा कागद, घराचे कागद, खर्च मुलगा करणार असेल तर त्याचं पत्र आणि त्याचा आयटीआर, एवढं नीट लागलं की काम होतं. कव्हरिंग लेटर स्वतःच्या शब्दांत, एका पानात. त्यात ‘युरोपच्या निसर्गसौंदर्याचा आस्वाद घेण्याची आमची मनीषा’ वगैरे नको. कुठे, कधी, किती दिवस, कुणाबरोबर, पैसे कुणाचे. बास.

आणि नावं. आपल्याकडे लग्नात बायकांचं आडनावच नाही, पहिलं नावही बदलायची पद्धत होती, तिने किती घोळ घातले आहेत म्हणून सांगू. एका काकूंच्या पासपोर्टवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पेन्शनच्या पासबुकावर दोन्हींची भेसळ. नवऱ्याच्या निधनानंतर मिळणारी पेन्शन ही त्यांच्या मिळकतीचा एकमेव पुरावा आणि तोच दुसऱ्याच बाईच्या नावाचा दिसत होता. लग्नाचं प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद, प्रतिज्ञापत्र असं सगळं जोडून फाइल उभी केली तेव्हा कुठे व्हिसा आला. दुसरी गाठ एकच नाव असलेल्या पासपोर्टांची. जुन्या काही पासपोर्टांवर आडनावाची ओळ रिकामीच असते. यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून असे एकेरी नावाचे पासपोर्ट पर्यटक व्हिसासाठी घेणं बंद केलं. घरात कुणाचा असा पासपोर्ट असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, देश मग निवडा.

आता विमानतळ. परदेशातला काउंटर नंतर येतो, पहिली चौकशी आपल्या सहारच्या टी-टूवरच होते. ज्या देशांना व्हिसा लागत नाही, तिथे जाताना एअरलाइनचा माणूस चेक-इनला परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हमखास मागतो. प्रवाशाला तिकडून परत पाठवलं तर आणून सोडायची जबाबदारी एअरलाइनवर येते, म्हणून तो अडून बसतो. त्याच्यावर आवाज चढवू नका. कागदाची छापील प्रत काढून द्या. वडिलांच्या फोनमधला पीडीएफ नेमका त्याच वेळी उघडत नाही.

थायलंड, मलेशिया, सिंगापूर, तिघांनाही आता उतरण्याआधी ऑनलाइन आगमन अर्ज भरावा लागतो. तिन्ही सरकारी साइटवर फुकट आहेत. गुगलवर शोधलं की वरच्या दोन-तीन साइट सरकारी शिक्क्यासारखं काहीतरी लावून पैसे मागतात. पुष्कळ लोक भरतात आणि मग म्हणतात, त्या देशाने लुटलं.

इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने हसून बोलावं ही अपेक्षाच ठेवू नका. जगात कुठेच तो हसत नाही, आपलाही नाही. तो तीन गोष्टी विचारतो : कशासाठी आलात, कुठे राहणार, परत कधी. उत्तर तेवढंच द्यायचं. आमच्या ग्रुपमधले एक निवृत्त मास्तर प्रश्नाला उत्तर म्हणून संपूर्ण सहलीचा कार्यक्रम सांगायला लागले, मागे रांग वाढली, अधिकारी वैतागला, आणि मास्तरांनी घरी येऊन सांगितलं की तिथले लोक उर्मट आहेत. दुसरीकडे खरोखरचा दुजाभावही असतो, तो नाकारत नाही. एका देशात माझ्या ग्रुपमधल्या पंचविशीच्या मुलाला, सगळे कागद जागेवर असताना, फक्त त्याचं वय आणि पासपोर्ट बघून बाजूला बसवलं. आई-बाप पलीकडे गेलेले, तो अलीकडे. दोन तासांनी सोडलं, कारण काही सांगितलं नाही. बेकायदा राहणाऱ्यांच्या आणि खोट्या नोकऱ्यांच्या भानगडींचा भुर्दंड असा एकट्या तरुणांवर जास्त पडतो. साठीच्या जोडप्याला सहसा कुणी अडवत नाही. तेव्हा आई-वडिलांची काळजी करू नका, त्यांचं वय हाच त्यांचा अर्धा व्हिसा आहे.

सामानाचं एक फार महत्त्वाचं. आपली आई म्हणजे फराळाशिवाय घराबाहेर पडणार नाही. अनारसे घेऊन दुबईला किंवा सिंगापूरला निघाला असाल तर थांबा : खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. अनारशावरची, वाटणातली, मसाल्यातली, कुठलीच चालत नाही. तिथे ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर ऐकून घेतलं जात नाही. सुकं खोबरं मुंबईतच बॅगेतून काढून ठेवतात, कारण तेलामुळे ते ज्वालाग्राही धरलं जातं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर लोणचं, तूप, मेतकूट जे काही न्याल ते फॉर्मवर लिहून द्यायचं. लिहून दिलं तर फार तर फेकून देतात. लपवलं तर न्यूझीलंडमध्ये जागेवर तिथल्या ४०० डॉलरचा दंड. माझ्या बघण्यातले बहुतेक कटू अनुभव हे द्वेषाचे नसून डब्याचे आहेत.

आता रस्त्यावरचं स्वागत, ज्याबद्दल खरं तर तुम्ही विचारलंय.

इथे देशाचं नाव जवळपास निरुपयोगी आहे. प्रश्न विचारायचा तो असा : हे गाव पर्यटकांना कंटाळलंय का? व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशफी घ्यायला सुरुवात केली. बार्सिलोनात त्याच वर्षी जुलैमध्ये मोर्चेकऱ्यांनी रेस्टॉरंटबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. तिथे घरभाडी इतकी चढलीत की शहराने पर्यटकांना भाड्याने दिले जाणारे दहा हजारांवर फ्लॅट २०२८ अखेरपर्यंत बंद करायचं ठरवलं आहे. ऑस्ट्रियातलं हॉलस्टाट तर हजारभरही वस्तीचं नाही. इन्स्टाग्रामवरच्या त्या तळ्याकाठच्या फोटोसाठी रोज हजारोंनी माणसं येतात, म्हणून २०२३ मध्ये गावाने फोटोच्या जागेवर लाकडी कुंपणच घातलं. ओरड झाल्यावर काढलं. जपानमध्येही तेच. क्योतोच्या गिऑन भागातल्या खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना मनाई आहे आणि दहा हजार येनच्या दंडाच्या पाट्या लागल्या आहेत, कारण कामावर निघालेल्या गेइशांचे कपडे ओढण्यापर्यंत लोकांची मजल गेली होती. फुजी पर्वतासमोरच्या एका दुकानापाशी फोटोवाल्यांनी इतका उच्छाद मांडला की मे २०२४ मध्ये नगरपालिकेने डोंगर झाकणारं काळं जाळं उभारलं. काही महिन्यांनी उतरवलं, पण निरोप पोचला.

यातलं काहीही भारतीयांविरुद्ध नाही. अॅम्स्टरडॅमने २०२३ मध्ये ‘येऊ नका’ अशी जाहिरातच केली, ती मौजमजा करून धिंगाणा घालणाऱ्या तरुण ब्रिटिश पुरुषांसाठी. त्या गर्दीत तुम्ही गेलात तर जो तुटक शब्द तुमच्या वाट्याला येतो तो रंगावरून नव्हे, तुम्ही त्या दिवसातले अमुक हजारावे म्हणून येतो. त्याच ऑस्ट्रियात हॉलस्टाटपासून तासाभरावरच्या, फोटोत न गाजलेल्या गावात थांबा, खानावळीची मालकीण तुमच्या आईला हात धरून खुर्चीपर्यंत नेईल.

मग भारतीय ग्रुपबद्दल वेगळी तक्रार असते का? असते, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. २०१९ मध्ये एका स्विस हॉटेलने खास भारतीय पाहुण्यांसाठी लावलेली सूचना आपल्याकडे बरीच फिरली : नाश्त्याच्या बुफेतून जेवणासाठी पदार्थ बांधून नेऊ नका, गॅलरीत आणि कॉरिडॉरमध्ये हळू बोला. पाटी फक्त आपल्याच नावाने लावणं अपमानास्पदच होतं. पण मी रात्री साडेअकराला हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून ‘उद्या सकाळी किती वाजता होऽऽ?’ ही आरोळी एका दारातून समोरच्या दारात जाताना रोज ऐकलेली आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो कोचच्या ड्रायव्हरवरून. युरोपात ड्रायव्हरचा दिवस कायद्याने बांधलेला आहे : एकूण नऊ तास चालवणं, आठवड्यात दोनदा दहा, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती, रात्रीची सलग विश्रांती साधारण ११ तासांची. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रात नोंदलं जातं, पोलिस रस्त्यात कुठेही ते तपासतात आणि दंड जबर असतो. आता आपले लोक खरेदीत अर्धा तास उशीर करतात, तिथून पुढच्या ठिकाणी पुन्हा वीस मिनिटं. संध्याकाळी ड्रायव्हर म्हणतो, हॉटेलला चला, ते शेवटचं ठिकाण होणार नाही. झालं, ‘गोरा माजलाय’. मी अशा वेळी टॅकोग्राफची पट्टी दाखवून समजावते. दुसऱ्या दिवशी माझ्या ग्रुपने त्याला वेळेवर गाडीत बसून ‘गुटेन मॉर्गेन’ म्हटलं की तोच माणूस आजींसाठी गाडी दारापर्यंत आणतो. हॉटेलचं किचन दुपारी अडीचला बंद होणं, पाण्याची बाटली विकत घ्यावी लागणं, खोल्या छोट्या असणं, यातलंही काही तुमच्यासाठी खास केलेलं नसतं.

आशियात स्वागताचा खरा कस जेवणावर लागतो, निदान शाकाहारी मराठी घरासाठी. जपानी माणूस कितीही अदबीने वाकला तरी त्याच्या सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीच्या रश्शात माशाचा अर्क असतोच, आणि तो त्याला मासा धरतच नाही. तुमच्या आई शाकाहारी असतील तर जपान पहिल्या फेरीत नको. व्हिएतनाममध्ये फिश सॉस सगळीकडे असतो, पण बौद्ध परंपरेमुळे तिथे अस्सल शाकाहारी खानावळीही आहेत. पाटीवर ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी) हा शब्द शोधा; ‘आन चाय’ म्हटलं की बाई मान डोलावते आणि टोफू, मशरूम, भात पुढे येतो. दा नांग, हो ची मिन्ह सिटीत भारतीय हॉटेलंही आता पुष्कळ आहेत. तिथल्या माणसांना भारतीयांचं अजून कुतूहल आहे, कंटाळा आलेला नाही. ही वेळ साधून घ्या. फक्त नोटा सांभाळा. २० हजार डाँग आणि ५ लाख डाँग, दोन्ही नोटा निळ्या. एक साठ-सत्तर रुपयांची, दुसरी दीड हजारांच्या वरची. नारळपाणीवाल्याला वडिलांनी निळी नोट दिली की आधी शून्यं मोजा.

शेजाऱ्यांचं थोडक्यात. नेपाळ घरचंच. श्रीलंकेने २०२२ मध्ये पेट्रोलच्या रांगा बघितल्या आहेत, पर्यटनाच्या पैशाची किंमत तिथल्या टुकटुकवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सर्वात जास्त पाहुणे आपलेच असतात. भूतान दर रात्री माणशी १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतं. इतर परदेशी १०० डॉलर भरतात, म्हणजे आपल्याला सवलतच. लोक कुरकुरतात. मला ते प्रामाणिक वाटतं : थोडेच या, पैसे द्या, आम्ही नीट सांभाळू.

राजकारणाचा वारा फिरला की हे सगळं बदलतं, तेही लक्षात असू द्या. २०२४ च्या सुरुवातीला मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर मुक्ताफळं उधळली, आपल्याकडून बुकिंग धडाधड रद्द झाली, आणि त्याच वर्षी मालदीवचं पर्यटन खातं दिल्ली, मुंबई, बंगळुरूत रोड शो करत ‘या’ म्हणत फिरलं. मे २०२५ मध्ये तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सहली अशाच ओस पडल्या. रिसॉर्टमधला वेटर या सगळ्यात कुठेच नसतो.

आणि आपण मुंबईकर काय करतो? घारापुरीच्या लेण्यांना आपल्याला ४० रुपये तिकीट, परदेश्याला ६००. गेटवेवर गोऱ्या बाईला गराडा घालून ‘वन सेल्फी’ म्हणणारी पोरं. खारमध्ये नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस एका कोरियन तरुणीची लाइव्ह व्हिडिओ चालू असताना छेड काढली गेली; दोघांना अटक झाली, पण जगाने ते बघितलं. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलला २४ तासांत फॉर्म भरून त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. ती कटकट नको म्हणून अनेक छोटी लॉज त्यांना सरळ ‘रूम नाही’ सांगतात. तो पाहुणाही घरी जाऊन सांगत असेल, भारतात आपल्याला उभं करत नाहीत.

आता तुमच्या घरापुरतं. तुमच्या आई-वडिलांसाठी मी मॉरिशस सुचवेन. भारतीयांना व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. मुंबईहून थेट विमान, सहा-साडेसहा तास. पण खरं कारण वेगळं. १८३४ पासून पुढची ८०-९० वर्षं उसाच्या मळ्यांसाठी साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिया मजूर तिथे नेले गेले. त्यात कोकणातली माणसं होती, मुंबई बंदरातून निघालेली. पोर्ट लुईला जिथे ते उतरले तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे; त्या दगडी पायऱ्या वडिलांना नक्की दाखवा. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. शाळांत मराठी विषय आहे, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आडनावं ऐकून गंमत वाटते, कारण मूळ पुरुषाचं पहिलं नावच नोंदणीत आडनाव होऊन बसलं. बोलणं क्रिओल या तिथल्या फ्रेंचमिश्रित बोलीत, पण आरती आपली. भाद्रपदात गेलात तर समुद्रावर विसर्जनाला जा. कुणीतरी तुम्हाला ‘इंडियातून का? मुंबई?’ विचारेल आणि पानावर प्रसाद ठेवेल. टूर कंपनीच्या कार्यक्रमात हे नसतं, ड्रायव्हरला आधी सांगून ठेवावं लागतं. रस्त्यावर ‘ढोल पुरी’ मिळते, डाळ भरलेली मऊ पोळी आणि आत घेवड्याची आमटी-चटणी. आईला ती चालेल, तिखट चटणी कमी घालायला सांगा.

मे ते ऑक्टोबर तिथे थंड-कोरडा काळ, जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा. बजेट कमी असेल तर श्रीलंका, पण कोलंबो-गॉलच्या बाजूला डिसेंबर ते मार्च. जूनमध्ये तिथेही आपल्यासारखाच पाऊस. व्हिएतनाम निवडलंत तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधला भाग टाळा, होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. युरोप पुढच्या वर्षी, आणि मे महिन्याच्या सुट्टीत नको, सप्टेंबरात न्या. सुनेला सुट्टी मिळत नसेल तर आई-वडिलांना एकटे एखाद्या चांगल्या ग्रुपबरोबर पाठवा, पण कंपनी निवडताना सोबत मराठी बोलणारा टूर लीडर मुंबईपासून येणार की तिकडे विमानतळावर भेटणार, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्या.

व्हिसाचे नियम मी लिहिलेत ते आजचे. थायलंडने ६० दिवसांची केलेली मुदत कमी करायच्या चर्चा मधून मधून चालूच असतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा बघा. आणि आज रात्रीच दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढा : मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने आहे का, आडनावाची ओळ भरलेली आहे का, आणि आईंचं नाव आधार, पॅन, पासपोर्ट तिन्हीवर एकच आहे का.